धडधड थांबली की आईला सारखी लघवी लागते. याचा हृदयाशी काही संबंध असेल का?

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१२

आई ६९ वर्षांची, वाईला एकटी राहते. बीपीची एक गोळी सोडली तर ठणठणीत. गेली दोन वर्षं तिला मधूनच धडधडतं. "छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडतं" हे तिचे शब्द. कधी वीस मिनिटं, कधी दोन-अडीच तास. आणि मग दुसरा अंक सुरू होतो, लघवीचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी, भरपूर, पाण्यासारखी स्वच्छ. पाच-सहा फेऱ्या झाल्या की गळून जाते आणि झोपते.

आम्ही आजवर त्या दुसऱ्या अंकाच्याच मागे लागलो होतो. साखर तपासली, नॉर्मल. लघवीचं कल्चर तीनदा केलं, काही नाही. सोनोग्राफी झाली. धडधडीसाठी दोनदा ईसीजी काढला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत पाखरू उडालेलं. "ईसीजी छान आहे आजी, टेन्शन घेऊ नका" म्हणून झोपेची अर्धी गोळी हातावर ठेवली. आता धडधडलं तरी आई सांगत नाही. "परत म्हणतील, म्हातारीच्या मनाचे खेळ."

परवा मी तिथे असताना पहिल्यांदा सगळं डोळ्यांनी पाहिलं. मला तरी हे दोन वेगळे आजार वाटत नाहीत. कुणाच्या घरी असं आहे का? आणि असलं काही पकडायचं कसं?

---

हरभऱ्याचं_झाड | ४ फेब्रुवारी, रात्री १०:३१

मला दहावीच्या निकालाच्या दिवशी दोन्ही एकदमच झालं होतं. पण तो आजार नव्हता, गणित होतं.

---

सुगरण_नाही | ४ फेब्रुवारी, रात्री १०:५०

माझ्या सासूबाईंचं हुबेहूब! आम्ही घाबरून लागते असंच समजत होतो. वाचतेय, पुढे काय निघतंय ते.

---

आलेख | ४ फेब्रुवारी, रात्री ११:४०

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. पेशंट न बघता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जे जोडलंय ते बरोबर जोडलंय.

हृदय नुसता पंप नाही, ते संप्रेरकंही सोडतं. वरच्या दोन कप्प्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की त्यांतून एएनपी नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ आणि पाणी बाहेर टाक. ठोके अचानक फार भरभर किंवा वेडेवाकडे पडायला लागले की वरचे कप्पे नीट रिकामे होत नाहीत, आतला दाब वाढतो, भिंती ताणल्या जातात. हृदयाचा समज होतो की अंगात पाणी फार झालंय. ते बिचारं त्याच्या परीने पूर ओसरवायला बघतं. म्हणून भरपूर आणि स्वच्छ लघवी. घाबरल्यावर लागते ती वारंवार असते, पण थोडी-थोडी. आईंना मोजून बघायला सांगा.

हे निरीक्षण नवीन नाही. पॉल वुड या इंग्लंडमधल्या हृदयतज्ज्ञाचा यावरचाच लेख १९६३ मध्ये छापून आला होता. तेव्हा एएनपी ठाऊकही नव्हतं. आम्हाला शिकताना सरांनी सांगितलं होतं, धडधडीचा पेशंट आला की "नंतर लघवीला जास्त झाली का?" हे विचारायचंच. ओपीडीत शंभर माणसं असली की हा प्रश्न राहून जातो, माझ्याकडूनही राहिलाय.

आता एक काम करा. आईंना टेबलावर किंवा डब्यावर बोटाने वाजवून दाखवायला सांगा, छातीत नेमकं कसं वाजतं ते. आणि सुरू कसं होतं, थांबतं कसं? बटण दाबल्यासारखं, की हळूहळू?

---

ठेका | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

डब्यावर वाजवून घ्यायची युक्ती लाख मोलाची. मी तबला शिकवतो आणि स्वतः पेशंटही आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं, पोटात खड्डा पडतो आणि मग एक जोरदार ठोका येतो. म्हणजे एक मात्रा वेळेआधी पडली, पुढची जागा रिकामी गेली आणि मग सम जोरात आली. बहुतेकांना कधी ना कधी होतं.

दुसरा प्रकार माझा. विलंबित चाललेलं असताना कुणीतरी एका क्षणात द्रुत सुरू करावं तसं. मिनिटाला १८०, पण ताल पक्का, मात्रा समान. आणि थांबतंही तसंच, तिहाई न घेता. त्याला एसव्हीटी म्हणतात.

तिसऱ्या प्रकारात ताल म्हणून नाहीच. दोन ठोके जवळ, एक लांब, तीन पटापट, परत गॅप. कितीही वेळ हात धरून बसा, आवर्तन सापडत नाही. माझ्या गुरुजींना ते होतं, एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. ते म्हणायचे, "आयुष्यभर लयीत राहिलो, आता हृदय माझा सूड घेतंय."

---

जुनी_वही | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

निवृत्त विज्ञान शिक्षिका. आलेख, 'वरचे कप्पे' काय म्हणता? आमच्या वेळी कर्णिका आणि जवनिका होत्या. नंतर पुस्तकात अलिंद आणि निलय आले. मी अर्धं आयुष्य एक शिकवलं नि अर्धं दुसरं.

---

हरभऱ्याचं_झाड | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:३३

जवनिका म्हणजे पडदा ना? पडदा पडला की खेळ खलास. नाव बदललं ते बरंच केलं.

---

मनगटी | ५ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

सरळ ईसीजीवालं घड्याळ घेऊन द्या की आईंना. धडधड सुरू झाली की दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं, तीस सेकंद थांबायचं, फोनवर पट्टी तयार. मी दोन वर्षं वापरतोय.

---

कडूकाढा | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:०२

वाईत एकट्या राहणाऱ्या ६९ वर्षांच्या बाईंना तीस-चाळीस हजारांचं घड्याळ! रोज चार्जिंग कोण करणार, तुम्ही? आपल्याकडे हजारो वर्षं नाडीवरून निदान होतंय. चांगल्या वैद्याला दाखवा.

---

मनगटी | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

पाखरू उडाल्यावर वैद्यबुवा पिंजऱ्याची परीक्षा करणार का?

---

आलेख | ५ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

भांडू नका, दोघांचंही थोडं-थोडं बरोबर आहे.

नाडी बघायला घरच्या माणसाने शिकावंच, त्याला ना वैद्य लागतो ना डॉक्टर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं. स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित नाडीत हमखास फसगत होते. आकडा लिहायचा आणि शेजारी एकच शब्द, 'सारखी' किंवा 'वेडीवाकडी'. हल्लीची बरीच बीपी मशीनही अनियमित ठोक्यांची खूण दाखवतात. लोक ती मशीनचा बिघाड समजून परत मोजत बसतात.

पण नाडीवरून संशय घेता येतो, शिक्का मारता येत नाही. शिक्का ईसीजीचाच, आणि तोही धडधड चालू असतानाचा. म्हणून नंतर काढलेला ईसीजी चांगला आला, याचा अर्थ 'काही झालंच नव्हतं' असा होत नाही. चोर गेल्यावर काढलेला घराचा फोटो आहे तो. २४ तासांचं होल्टर, म्हणजे सतत ईसीजी टिपणारं छोटं यंत्र, लावतात, पण महिन्यातून दोनदा होणारा त्रास नेमका त्याच दिवशी होईल असं नाही. मग आठवडा-दोन आठवड्यांचे पॅच असतात. घड्याळही चालतं, फक्त त्याची पट्टी एका लीडची असते, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघते. हार्ट अटॅक आहे की नाही हे त्यावरून ठरवू नका.

कृष्णाकाठ, तिथे जवळ कुणी डॉक्टर ईसीजी मशीन बाळगून असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

आणि एक. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर डायरी-बियरी सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलात. पळताना-खेळताना चक्कर येऊन पडणाऱ्या तरुणालाही तेच, विशेषतः घरात कुणी ऐन तारुण्यात अचानक गेलेलं असेल तर.

---

ओटावाकर | ६ फेब्रुवारी, पहाटे ४:३०

एएनपीचा विषय निघालाय तर आमच्या बाजूची गोष्ट. ते सापडलं इथून दोन तासांवर, कॅनडातल्याच किंग्स्टनला. शोधणारे अडोल्फो डी बोल्ड, मूळचे अर्जेंटिनाचे.

वरच्या कप्प्यांच्या पेशींत बारीक दाणे दिसतात हे १९५६ पासून माहीत होतं. असे दाणे ग्रंथींत असतात, पंपात कशाला? त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला होता. कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेत (जुनी_वही, खास तुमच्यासाठी) फुगा फुगवला की लघवी वाढते असं दिसलं. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी पंचवीस वर्षं पडून होत्या.

१९८१ मध्ये डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिका वाटून त्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतून जाणारं मीठ तीसपटीहून जास्त वाढलं, लघवी दहापट. खालच्या कप्प्यांचा अर्क टोचला तर काहीच नाही. म्हणजे तुमच्या आईला धडधडीमुळे जे होतं, ते त्या उंदरांना टोचून झालं होतं.

---

सुगरण_नाही | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

मिक्सरमधून फिरवलं का हो? सकाळी चटणी वाटताना हेच आठवणार आता.

---

बाभूळबन | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

एएनपीचा भाऊ बीएनपी, त्याने आमच्या घरात हाहाकार माजवला होता.

सासरे ८१ वर्षांचे. पायाला सूज आली म्हणून रक्त तपासलं, बीएनपी ६४०. रिपोर्टवर '१०० पेक्षा कमी' छापलेलं. मेव्हण्याने रात्री फोनवर शोधाशोध केली आणि बारा वाजता सगळ्यांना उठवून हार्ट फेल्युअर जाहीर केलं. त्यात 'ब्रेन नॅट्रियुरेटिक' असं लिहिलेलं, म्हणून सासूबाईंना वाटलं आता मेंदूतही काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट बसून सांगितलं. नावात ब्रेन आहे कारण १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना ते आधी डुकराच्या मेंदूत सापडलं. खरं कोठार हृदयाच्या खालच्या कप्प्यांत. वय वाढलं की आकडा वाढतो, किडनी मंद असली की वाढतो, आणि नाडी अनियमित असेल तर त्यानेही वाढतो. सासऱ्यांना यातलं तिन्ही होतं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं काम थोडं कमी निघालं, पण रात्री बारा वाजता रडण्याइतकं नाही. उलट जाड माणसांत आकडा कमी येतो, त्यामुळे कमी दिसला म्हणून निर्धास्तही राहायचं नाही.

---

आलेख | ६ फेब्रुवारी, दुपारी २:२०

बाभूळबन, तुमच्या डॉक्टरांना नमस्कार. दम लागलेला माणूस समोर असताना बीएनपी १०० च्या खाली आला, तर दम बहुतेक हृदयामुळे नाही असं म्हणता येतं. 'नाही' म्हणायला ही तपासणी फार चांगली. 'हो' म्हणायला मात्र इको आणि पेशंट दोन्ही बघावे लागतात.

आणखी एक गोंधळ होतो तो सांगून ठेवतो. हार्ट फेल्युअरवर सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही जोडगोळी देतात. बीएनपी ज्या विकराने मोडतं, त्यालाच ती अडवते. त्यामुळे गोळीने माणूस सुधारत असताना बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही बीएनपीची भावंड तपासणी करायची, त्यावर गोळीचा तसा परिणाम होत नाही. एनटी-प्रोबीएनपीचे आकडे मुळातच मोठे असतात. मागच्या रिपोर्टात एक आणि या रिपोर्टात दुसरं करून 'पाचपट वाढलं' म्हणत धावत येणारे मी पाहिलेत.

आणि कृष्णाकाठ, तुमच्या आईंसाठी ही तपासणी करत सुटू नका. तिथे रक्तातला आकडा नको, ठोक्यांची पट्टी हवी.

---

कडूकाढा | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:००

बघा, शरीर स्वतःच औषध तयार करतं हे तुमच्याच शास्त्राने मान्य केलं.

---

हरभऱ्याचं_झाड | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:०४

आता हा धागा गोमूत्रापर्यंत नेऊ नका म्हणजे झालं. लघवीपर्यंत आलोच आहोत.

---

शेवंती | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

हसत वाचत होते, पण एक सांगावंसं वाटलं.

माझ्या नवऱ्याला धडधड वगैरे काही नव्हतं. ६३ वर्षांचे, रोज टेकडी चढणारे. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघून स्वतःच हसले, "तोंड गळतंय बघ." मग चहाचा कप हातातून निसटला. जवळच्या दवाखान्यात "रात्री कुशीवर झोपले असतील, नस दबली असेल" म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुपारी मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तोवर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती.

तिथे कळलं, एएफ आहे. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त डाव्या बाजूच्या एका कोपऱ्यात साचतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट असतो म्हणे. त्यांना ठोके कधी जाणवलेच नाहीत. आता डावा हात बराच चालतो, शर्टाची बटणं तेवढी मी लावते.

त्यांची नाडी मी त्याआधी कधी धरून बघितली नव्हती. बत्तीस वर्षांत.

---

जुनी_वही | ६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

शेवंती, आत्ताच उठून ह्यांची नाडी बघितली. सारखी आहे, ७२. त्यांना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

---

ठेका | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

सासूबाईंचं काय हुबेहूब आहे ते सुगरण_नाही यांनी जरूर तपासावं. मलाही एसव्हीटीनंतर लघवीला व्हायची. लाज वाटून अकरा वर्षं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

माझा उपायही लिहितो. डॉक्टरांनी शिकवलं होतं, दहा एमएलच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतपत जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय वर उचलून धरायचे. तीनदा थांबलं, चौथ्यांदा नाही. तेव्हा हॉस्पिटलात ॲडेनोसिन दिलं. काही सेकंदच काम करणारं औषध, पण त्या सेकंदांत मी मनातल्या मनात मुलाला बँकेचे पासवर्ड सांगून टाकले. शेवटी ॲब्लेशन करून घेतलं. मांडीतून तार घालून ती जास्तीची वाट जाळतात. तिसऱ्या दिवशी क्लासवर हजर. हे एसव्हीटीचं, एएफचं गणित वेगळं, कुणी घरी सिरिंजा फुंकत बसू नका.

---

मनगटी | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:००

कबुली. माझ्या घड्याळाने दोनदा 'अनियमित' म्हणून घाबरवलं होतं. दोन्ही वेळा तज्ज्ञांनी पट्टी बघून सांगितलं, अधूनमधून आगाऊ ठोका पडतोय, एएफ नाही, कॉफी कमी करा. कॉफी कमी केली नाही, घड्याळाची सूचना बंद केली.

---

आलेख | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

उलटं करायला हवं होतं.

---

कृष्णाकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री ९:१८

उशीर झाला, क्षमस्व. सगळ्यांचे आभार, विशेषतः आलेख आणि शेवंतीताई.

आईला गव्हाच्या डब्यावर वाजवायला सांगितलं. आधी म्हणाली "काय पोरखेळ". मग डोळे मिटून बोटाने वाजवलं. टक-टक, टक, टकटकटक, टक. मी पाच वेळा सांगितलं, "सारखं वाजव ना." तर चिडली, "सारखं वाजत असतं तर तुला सांगितलं असतं का?"

गल्लीतल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. धडधड सुरू झाली की रिक्षाने यायचं, रांगेत बसायचं नाही. १९ तारखेला सकाळी पूजा अर्धी टाकून गेली. ईसीजीत एएफ, गती १३८. डॉक्टरांनी पट्टी पसरून दाखवली. उंच रेघांमधली अंतरं सगळी वेगवेगळी, आणि प्रत्येक रेघेआधी जो लहान उंचवटा असायला हवा तो गायब, तिथे नुसती थरथर. ईसीजी चालू असतानाच आईने विचारलं, "संडास कुठंय?" डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं हृदय पुस्तकाप्रमाणे वागतंय."

साताऱ्याला इको झाला, झडपा चांगल्या आहेत. थायरॉइडही बघितलं, ते एएफचं एक कारण असतं म्हणे, तेही ठीक. रक्त पातळ ठेवायची गोळी दिवसातून दोनदा आणि गती कमी करणारी एक. गुठळीच्या धोक्याचे गुण मोजतात, त्यात पासष्टी उलटल्याचा एक गुण, बीपीचा एक, तेवढ्यावर गोळी लागतेच असं समजावलं.

गंमत म्हणजे तज्ज्ञांनी विचारलं, "साधारण किती दिवसांनी होतं?" मी आठवत होते, तेवढ्यात आईने पिशवीतून कालनिर्णय काढलं. दोन वर्षांची दोन्ही. दुधाच्या चौकटीतच पेन्सिलीने बारीक 'फ' काढलेला आणि पुढे आकडा. फ म्हणजे फडफड, आकडा म्हणजे लघवीच्या फेऱ्या. 'फ ६'. 'फ ४'. मागच्या दिवाळीत लागोपाठ तीन दिवस. आम्हाला सांगणं तिने बंद केलं होतं, लिहिणं नव्हे. डॉक्टरांनी एकेका पानाचा फोटो काढून घेतला.

---

शेवंती | २७ फेब्रुवारी, रात्री ९:४०

गोळी एकही वेळ चुकवू देऊ नकोस. आमच्याकडे वॉर्फरिन आहे, त्यामुळे अळू-पालक रोज साधारण तेवढंच खायचं, एकदम कमी-जास्त नाही. तुमच्या गोळीला ते पथ्य आहे का विचारून घे. दात काढायचा झाला तर आधी सांगायचं. मनातून थांबवायची नाही.

---

सुगरण_नाही | २७ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सासूबाईंना सोमवारी नेतेय. डबा वाजवून घेतला. आमचा मात्र पक्का ताल निघाला, फास्ट.

---

ठेका | २७ फेब्रुवारी, रात्री १०:१२

माझ्या घराण्यात स्वागत.

---

हरभऱ्याचं_झाड | २७ फेब्रुवारी, रात्री १०:२०

कृष्णाकाठ, एक शंका. दुधाच्या चौकटीत 'फ' आणि आकडा, मग दुधाचा हिशेब?

---

कृष्णाकाठ | २७ फेब्रुवारी, रात्री १०:३४

तोच घोळ झालाय. दूधवाला म्हणतो, दिवाळीत तीन दिवस सहा-सहा लिटर घेतलंय, तुमच्याच कॅलेंडरवर लिहिलंय.